नाणेघाटाच्या भिंतीवर काय लिहिलंय, ते तिथे कुणी सांगणार आहे का?

प्रति,
नाणेघाटाच्या देखभालीची आणि तिथल्या गर्दीची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्या सर्व अधिकाऱ्यांस, तसेच आमच्या लोकप्रतिनिधींस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या जुलैतला एक रविवार. मी नाणेघाटातल्या गुहेत उभी होते. बाहेर पाऊस असा, की चार हातांवरचं माणूस दिसेना. आत पन्नास-साठ जण दाटीवाटीनं आडोशाला आलेले, भिजलेल्या पाठी भिंतीला टेकलेल्या. एका कोपऱ्यात लहान गॅसवर नूडल्स शिजत होते आणि वाफ थेट दगडावर जात होती. माझ्यापासून दोन हातांवर विशी-बाविशीचा एक मुलगा खिशातलं नाणं काढून भिंतीवर काहीतरी ओरखडत होता. मी त्याचा हात धरला. तो चिडला नाही, दचकला. म्हणाला, "सॉरी काकू. इथे आधीच सगळ्यांनी नावं लिहिलीत ना, म्हणून मीपण..." आणि त्यानं बोटानं दाखवलं. तो दाखवत होता ती ब्राह्मी या फार जुन्या लिपीतली अक्षरं होती. दोन हजार वर्षांपूर्वीच्या सातवाहन राणीचा लेख त्याला सहलीला आलेल्यांनी कोरलेली नावं वाटला होता.

त्या मुलाला मी दोष देत नाही. ही अक्षरं कुणाची, काय सांगतात, हे त्याला त्या गुहेत कळणार कुठून? मी सांगितलं तेव्हा तो दहा मिनिटं हलला नाही. मित्रांना बोलावून त्यानं तेच सगळं त्यांना सांगितलं. हे पत्र मी त्या दिवसापासून मनात लिहीत होते, आज कागदावर उतरवते आहे.

मी जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातली. प्राथमिक शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, त्यातली अकरा वर्षं घाटमाथ्यावरच्या वाड्यांमध्ये. दरवर्षी थंडीच्या दिवसांत चौथीच्या मुलांना चालत नाणेघाटात न्यायचे. ब्राह्मीतली पाच-सहा अक्षरं आधी फळ्यावर गिरवून घ्यायची आणि मग गुहेत ती शोधायला लावायची. 'क' म्हणजे अधिकाचं चिन्ह, तो सगळ्यांना आधी सापडायचा. एकदा एका मुलीनं भिंतीला हात न लावता, बोट हवेत फिरवत 'सातकनि' हे सातवाहन राजाचं नाव अक्षर अक्षर लावलं आणि विचारलं, "बाई, राजानं हे आपल्याच गावात का लिहिलं?" तिचं गाव घाटघर. तिच्या आईबापांच्या घरापासून ही गुहा तासाभराच्या वाटेवर होती आणि घरातल्या कुणालाही त्या भिंतीवर काय आहे हे ठाऊक नव्हतं. तिला त्या दिवशी जे उत्तर दिलं, तेच इथे लिहिते, कारण पुढच्या तक्रारी त्याशिवाय समजणार नाहीत.

घाटघर हे जुन्नरच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या अगदी धारेवर वसलेलं महादेव कोळी समाजाचं गाव. (अकोले तालुक्यातलं, धरणाजवळचं घाटघर वेगळं. पुष्कळजण नकाशावर चुकतात.) जुन्नरहून आपटाळे, चावंड, पूर अशी वाट येते. चावंडला किल्ला, पूरला कुकडी नदीच्या उगमाजवळचं कुकडेश्वराचं देखणं शिल्पमंदिर. घाटघरच्या डोक्यावर जीवधन किल्ला आणि त्याला खेटून उभा वानरलिंगीचा सुळका. याच जीवधनावरच्या बाल मूर्तजाला शहाजीराजांनी सोडवून निजामशाहीच्या गादीवर बसवलं. गडावर दगडी धान्यकोठार आहे. कल्याण दरवाजाच्या वाटेवरच्या पायऱ्या इंग्रजांनी १८१८ मध्ये सुरुंगानं फोडल्या, त्यामुळे तिथे आजही कातळाला चिकटून चढावं लागतं. एवढ्याशा टापूत इतका इतिहास, आणि त्यात शंभरेक उंबऱ्यांचं वाटावं असं गाव.

गावापुढे पठार संपतं तिथे डोंगर कापून केलेली खिंड आहे. तोच नाणेघाट. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल याच वाटेनं वैशाखऱ्याकडून चढून जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा. खिंडीच्या तोंडाशी मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात पडत, असं आमच्याकडे पिढ्यानपिढ्या सांगतात. आणि खिंडीतच ती गुहा.

गुहेच्या मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्यातल्या आठ जणांच्या उभ्या मूर्ती होत्या. आता काही ठिकाणी फक्त पावलं उरली आहेत. वर मात्र बहुतेकांची नावं आहेत: राया सिमुक सातवाहनो, देवी नायनिका आणि राजा सिरी सातकनी, कुमार भायल, महारठी (मोठा सरदार) त्रनकयिरो, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. बाजूच्या दोन भिंतींवर मोठा लेख आहे. सुरुवात नमनानं: धर्माला, इंद्राला, संकर्षण-वासुदेवाला, चंद्र-सूर्याला आणि यम, वरुण, कुबेर, वासव या चार लोकपालांना. पुढे अश्वमेध, राजसूय असे यज्ञ आणि त्यांत दिलेल्या दक्षिणा. गायी, हत्ती, घोडे, गावं, कार्षापण नाणी. एका ठिकाणी २४,४०० कार्षापणांचा आकडा आहे, आणि तो अंकांत लिहिला आहे. पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८७० च्या दशकात प्राचीन अंकलेखनावर निबंध लिहिला तो याच भिंतीवरून. आपण आज जो चार, सहा, सात, नऊ लिहितो त्यांच्या जुन्यात जुन्या ठेवणींपैकी काही इथे आहेत.

या लेखातली एक ओळ मला सगळ्यात जवळची. राणीसाठी तीन विशेषणं आली आहेत: 'मासोपवासिनिय', 'गहतापसाय', 'चरितब्रह्मचरियाय'. महिना महिना उपवास करणारी, घरात राहून तापसीसारखी जगणारी, ब्रह्मचर्य पाळणारी. नवरा दक्षिणापथाचा, म्हणजे दख्खनचा, धनी, तो गेलेला, मुलं लहान. महारठ्याची ही लेक सगळं राज्य आणि सगळा हिशेब आपल्या शब्दांत दगडावर ठेवून गेली. बहुतेक अभ्यासक तिला नागनिका म्हणतात. विधवेचं नाव शुभकार्याच्या पत्रिकेतही नको म्हणणाऱ्या घरांतल्या मुलींना मी ही ओळ वाचून दाखवत आले.

आता मूळ गोष्टीवर येते. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पेढे वाटले गेले, मीही वाटले. त्या दर्जासाठी राज्यानं जो अहवाल तयार करून घेतला, त्यात मराठीच्या प्राचीनतेचा पुरावा म्हणून नाणेघाटाचा हा लेख आणि त्यातला महारठींचा उल्लेख दिलेला आहे. म्हणजे दिल्लीत आपण ज्या भिंतीची साक्ष काढली, त्याच भिंतीवर जुलैत नूडल्सची वाफ बसते आहे. साक्षीदाराची एवढीही विचारपूस आपण केली नाही.

माझ्या तक्रारी सांगते.

गुहेजवळ कायद्याचा इशारा देणारा फलक मी पाहिला आहे. तो योग्यच आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यानं संरक्षित स्मारक विद्रूप केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पण भिंतीवर काय लिहिलंय, हे मराठीत आणि ठसठशीत अक्षरांत सांगणारा फलक मला आजवर तिथे दिसलेला नाही. जे वाचताच येत नाही ते जपायचं का, हे माणसाला कळत नाही. गुन्हा काय आहे ते सांगितलं जातं, ठेवा काय आहे ते नाही. यासाठी मी एका कार्यालयात दोनदा लेखी अर्ज दिला, सोबत लेखाचं देवनागरी वाचन आणि सोपा अर्थ जोडला. दुसऱ्या खेपेला पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही.

राखणीचं तर बोलायलाच नको. मी वर्षभरात सात-आठ वेळा जाते, वेगवेगळ्या वारी जाते. गर्दीच्या दिवशीसुद्धा गुहेत "भिंतीला टेकू नका" म्हणणारं कुणी मला भेटलं नाही. खडू, कोळसा, चाव्या, नाणी, सगळ्यांच्या खुणा तिथे आहेत. लेखाची काही अक्षरं जुन्या काळीच झिजली आहेत, ती गेली ती गेली. पण इंग्रज अधिकारी सायक्स १८२८ मध्ये इथे आला, त्यानंतर अभ्यासकांनी घेतलेल्या ठशांमध्ये जे शाबूत होतं, तेवढं तरी आपल्या डोळ्यांदेखत जाऊ नये.

तिसरी तक्रार गावाची आहे आणि ती जरा सविस्तर सांगावी लागेल, कारण शहरात बसून ती दिसत नाही.

नाणेघाटाचा उलटा धबधबा मोबाइलवर फिरायला लागल्यापासून पावसाळ्यातले शनिवार-रविवार आमच्यासाठी वेगळेच झाले आहेत. कोकणातून येणारा वारा कड्यावरून पडणारं पाणी उलटं वर उधळतो. दृश्य खरोखर बघण्यासारखं आहे, लोकांनी यावं. पण हे दिवस आमच्या आवणीचे असतात. राबावरची रोपं काढून चिखल केलेल्या खाचरांत लावायची, ती पाऊस धरून आहे तोवरच. घरातलं लहानथोर सगळं शेतात असतं. अशा वेळी रस्त्याच्या दोन्ही अंगांना गाड्या लागतात, चाकं बांधावर चढतात, बांध फुटतो आणि खाचरातलं पाणी वाहून जातं. मागच्या वर्षी एका म्हातारीला मी बांधावर बसून रडताना पाहिलं. तिची एवढीशी चार खाचरं. त्यातल्या एकात गाडी मागे घेताना चाक उतरलं होतं आणि लावलेली रोपं चिखलात दाबली गेली होती. गाडीवाल्यांनी तिच्या हातावर शंभराची नोट ठेवली होती. तिनं ती घेतली नव्हती, दगडाखाली ठेवली होती.

त्याच महिन्यात पहिल्या बाळंतपणाची एक मुलगी जीपमधून जुन्नरला नेत होते. अंतर साधारण तीस किलोमीटर. गर्दीत जीप पावणेदोन तास एका जागी उभी राहिली. शेवटी आलेल्या पर्यटकांमधल्याच चार पोरांनी खाली उतरून गाड्या बाजूला करवल्या. मुलगी आणि बाळ सुखरूप आहेत. पण ती वाट मोकळी राहणं हे त्या पोरांच्या चांगुलपणावर सोडण्याची गोष्ट नव्हती.

स्वच्छतागृहांची सोय गर्दीच्या मानानं नाहीच्या जमेत आहे. शहरातून आलेल्या बायका-मुली संकोचून आमच्या दारात उभ्या राहतात, "ताई, बाथरूम आहे का?" कुठल्याही घरानं कधी नाही म्हटलेलं मला आठवत नाही. पण एका दिवसात तीस-चाळीस बायका येतात तेव्हा त्या घरच्या सुनेनं पाणी कुठून आणायचं? पावसाळ्यात आभाळ फाटतं ते खरं. ते सगळं पाणी उतारानं निघून जातं आणि चैत्र-वैशाखात याच बायका हंडे घेऊन झऱ्याशी रांगेत बसतात. प्लॅस्टिकच्या बाटल्या, थर्माकोलच्या ताटल्या, दारूच्या काचा मात्र इथेच राहतात. काच खाचरात जाते आणि पुढच्या आवणीत अनवाणी पायात घुसते. चिखलात काच दिसत नाही. माझ्याकडे शिकलेल्या एका मुलाच्या टाचेला अशीच नऊ टाके पडले.

आणि मग कुठेतरी, दुसऱ्याच तालुक्यात, धबधब्यावर अपघात होतो. जीव जातात, मन सुन्न होतं. लगेच मनाई आदेश निघतो आणि सरसकट सगळीकडे लागू होतो. आदेशामागची काळजी मला समजते. कड्याच्या टोकावर सेल्फी काढणारी पोरं बघून माझ्याही पोटात गोळा येतो. पण वर्षभर काहीच नियोजन नाही आणि एका दिवसात सगळं बंद, या दोहोंच्या मध्ये काही असू शकतं की नाही? गावातल्या बायकांनी बचत गटातून पैसे उचलून टपरी टाकलेली असते. कणसं, भजी, चहा, नाचणीची भाकरी आणि पिठलं. दोन महिन्यांत वर्षाची चार पैशांची शिल्लक. बंदी आली की कर्जाचा हप्ता थांबत नाही. उन्हाळ्यात हिरडा गोळा करायचा, पावसात भात लावायचं, आणि अधेमधे या दोन महिन्यांचा आधार, एवढंच उत्पन्न आहे आमच्याकडे.

जुन्नर तालुक्याला २०१८ मध्ये पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं गेलं. तेव्हा गावात सभा झाली, टाळ्या वाजल्या. त्या दिवशी टाळ्या वाजवलेल्या माणसांना घेऊन मी हे लिहिते आहे. आमचा पश्चिम पट्टा अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ च्या पेसा कायद्यानं ग्रामसभेला आपल्या परिसराबद्दल बोलण्याचा हक्क दिला आहे. तरीही गर्दीच्या नियोजनाच्या बैठका तालुक्याला होतात आणि गावाला निर्णय कळतो तो रस्त्यावर अडथळे लागलेले बघून.

मागण्या फार मोठ्या नाहीत.

येत्या पावसाळ्याआधी गुहेबाहेर, खडकाला धक्का न लावता, एक फलक उभा करा. त्यावर लेखाचं देवनागरी वाचन, साध्या मराठीत अर्थ आणि कुठल्या पावलांवर कुणाचं नाव आहे त्याची आकृती असावी. दहा वर्षांच्या मुलाला वाचता येईल अशी भाषा हवी. मजकूर अभ्यासकांकडून तपासून घ्या. खर्चाची अडचण असेल तर तसं सांगा, माझे माजी विद्यार्थी वर्गणी काढायला तयार आहेत. आम्हाला परवानगी तेवढी द्या.

गुहेसाठी घाटघरची दोन मुलं किंवा मुली पगारी राखणदार म्हणून नेमा. त्यांना लेख वाचायला शिकवा. ते काम मी विनामोबदला करीन, आणि माझ्याहून जाणकार माणसं जुन्नरात आहेत. पावसात लोकांना आडोसा लागतो हे खरं आहे, म्हणून गुहेपासून दूर, स्मारकाभोवती बांधकामाला मनाई असलेल्या हद्दीबाहेर, एक साधी निवारा शेड द्या. आडोसा दुसरीकडे मिळाला की भिंतीला पाठी लागणार नाहीत. आणि आज जेवढी अक्षरं शिल्लक आहेत त्यांचं आधुनिक पद्धतीनं, प्रत्येक रेघ टिपणारं चित्रण करून ते सगळ्यांना बघायला खुलं ठेवा.

गाड्या गावाआधीच थांबवा. जागा ग्रामसभा दाखवेल. तिथून पुढे गावातल्या जीपा आणि एसटीची फेरी. दिवसाला किती गाड्या, हे ग्रामसभेबरोबर बसून ठरवा. जे शुल्क घ्याल त्यातला ठरलेला वाटा गावाच्या पाण्यासाठी आणि कचऱ्यासाठी ग्रामसभेकडे येऊ द्या. जिथे गाड्या थांबतील तिथेच स्वच्छतागृहं बांधा, आणि ती साफ ठेवण्याची तरतूद त्याच कागदावर करा. बांधून कुलूप लागलेली स्वच्छतागृहं आम्ही खूप पाहिली आहेत. रुग्णवाहिका गर्दीच्या दिवशी घाटघरमध्येच उभी असू द्या.

मनाई आदेश काढावाच लागला तर कड्याची धोक्याची जागा बंद करा, गाव आणि गुहा बंद करू नका. दोन दिवस आधी कळवा, म्हणजे बायका सामान भरणार नाहीत.

आणि शिक्षण खात्यात ज्यांच्या हातात हे असेल त्यांना एक विनंती. जिल्ह्यातल्या मराठी शाळांच्या सहली वॉटर पार्कला जातात, त्याबरोबर एक सहल इथे येऊ द्या. पावसाळा नको. मार्गशीर्षात या, हवा स्वच्छ असते, गुहेत ऊन तिरपं शिरलं की कोरलेल्या रेघांत सावली बसते आणि अक्षरं उठून दिसतात. जेवण गावात करा. हातसडीचा भात, वरणाला आमच्याकडची काळी घेवडी, ताटात नाचणीची भाकरी. पूरला कुकडेश्वर बघा, चावंड बघा, पायात बळ असेल तर जीवधन चढा. धबधबा दोन महिने असतो, बाकी सगळं बारा महिने आहे.

घाटघरच्या ज्या मुलीनं "आपल्याच गावात का?" असं विचारलं होतं, ती आता पुण्यात नर्स आहे. दिवाळीला आली की अजूनही तिच्या भाच्यांना गुहेत नेते. येत्या ३ ऑक्टोबरला, अभिजात मराठीच्या दिवशी, ती आणि मी आमच्या शाळेतल्या मुलांना घेऊन सकाळी दहा वाजता तिथे असू. मुलं लेखाची पहिली ओळ मोठ्यानं वाचणार आहेत, पाठांतर चालू आहे. तुमच्यापैकी जे कुणी येतील त्यांना गावातून गुहेपर्यंत आम्ही सोबत करू. माझ्या अर्जाची प्रत आणि फलकाचा मजकूर माझ्या पिशवीत असेल.

आपली विश्वासू,
जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातली एक निवृत्त शिक्षिका